दार उघडणारं ग्रीटिंग

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात परसराम सेठचा ग्रीटिंगचा कारखाना होता. कारखाना आपला म्हणायचा. जुनी लष्करी बराक, तिच्या दोन खोल्या, जमिनीवर गोणपाटं आणि त्यांवर मांडी घालून बसलेली आठ-नऊ माणसं. त्यात खिडकीखाली बसायचा तो सदू.

सदू तेव्हा चाळिशीला टेकलेला होता. लग्न झालेलं नव्हतं. झोपायला सेठने माळा दिला होता. सकाळी माळ्यावरून उतरायचं, तोंड धुवायचं, गोणपाटावर बसायचं. अंधार पडला की पुन्हा माळ्यावर चढायचं. माणूस वाईट नव्हता. विचारलं तर उत्तर द्यायचा. हसण्याची गोष्ट निघाली तर बाकीच्यांचं हसून झाल्यावर थोडा हसायचा, जसं काही रांगेत त्याचा नंबर शेवटचा होता. एकदा ब्लेड बोटात हाडापर्यंत गेलं, तेव्हा शेजारच्या बाईने ओरडून सांगितल्यावर त्याने बोटाकडे पाहिलं. "हो, लागलंय," म्हणाला आणि चिंधी बांधून पुढचं कार्ड घेतलं.

पण हात सोन्याचे. सेठने एकदा कुठूनसं एक विलायती कार्ड आणलं होतं. खालची पट्टी ओढली की त्यातलं मांजर पंजा हलवायचं. सेठने ते सदूपुढे टाकलं. "देख, इसके पेट में क्या है." सदूने ते अलगद उसवलं. पोटात विशेष काही नव्हतंच. जाड कागदाची पट्टी, दोन चिरा आणि दोऱ्याची एक गाठ. त्याने ते पुन्हा चिकटवलं आणि दुपारच्या चहापर्यंत तसंच दुसरं करून दिलं. मांजराच्या जागी फक्त हात वरखाली करून ओवाळणारी बाई होती.

तेव्हापासून सेठने साधी कार्डं सोडली आणि हलणारी धरली. कंदील वर चढणारं, मोराचा पिसारा फुलणारं, गाय मान डोलावणारं. एकाने कापायचं, एकाने चिरा पाडायच्या, एकीने दोरा ओवून दोन्ही बाजूंनी गाठ मारायची. गाठ घट्ट बसली तर हात हलत नाही, सैल राहिली तर लुळा पडतो. मग मैद्याची खळ लावून पाठीला पाठ चिकटवायची. खळीत सेठ चिमूटभर मोरचूद टाकायचा, म्हणजे झुरळं कार्ड खात नाहीत.

एक अडचण राहिली होती. पट्टीचं टोक बाहेर ठेवलं तर ते पाकिटात दुमडायचं, आत ठेवलं तर चिमटीत सापडायचं नाही. यावर उपाय सदूनेच काढला. कार्डाचा उजवीकडचा खालचा कोपरा तिरपा छाटून टाकायचा. तिथे पट्टीचं टोक उघडं पडतं, धरता येतं आणि बाहेरही डोकावत नाही. मग पंचवीस-पंचवीस कार्डांची चळत पाटावर ठेवून सुरीने एका दाबात कोपरे उडवायचे, हे कामही त्याच्याकडे आलं. दिवसभरात त्याच्या गुडघ्याभोवती तिकोनी तुकड्यांचा खच पडायचा. तो संध्याकाळी झाडून गोणीत भरायचा.

रंगवायला कुंदा असायची. ती अंबरनाथ पूर्वेहून यायची. नवरा कारकून, मुलं शाळेत, स्वतः चित्रकलेच्या परीक्षा दिलेली. तोंड तिचं ब्रशापेक्षा जास्त चालायचं. अठ्ठ्याऐंशी सालच्या दसऱ्याच्या आधी, कामाची झुंबड उडालेली असताना, ती सदूला म्हणाली की सदूभाऊ, तुम्ही साऱ्या जगाला कार्डं करता, तुम्हाला मात्र कोणाचं येत नाही. तुम्हीही कोणाला धाडत नाही. तुमचं कोणी आहे की तुम्ही असेच गोणपाटावर उगवलात?

"बहीण हाये," सदू म्हणाला. "खरवईला."

"मग?"

"सात वर्सं झाली."

एवढं बोलून तो थांबला. पण कुंदा सोडणारी नव्हती. चार दिवसांत तिने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं, विहिरीतून कळशी काढावी तसं, जरा जरा दोर ओढून.

सदू आणि त्याची आई शहाडला एका खोलीत राहायची. तो तिथल्या एका कारखान्यात बदली कामगार होता. थोरली बहीण अंजनी खरवईला दिलेली, बदलापूरच्या पुढे, शेतकऱ्याच्या घरात. एक्याऐंशीच्या श्रावणात आई गेली. पाऊस मी म्हणत होता हे खरं, पण वाट अगदीच बंद नव्हती; माणूस धाडला असता तर तो संध्याकाळपर्यंत खरवईला पोचला असता. सदूने माणूस धाडला नाही. शेजाऱ्याने विचारलं, कार्ड टाकू का, तर तो टाक म्हणाला. कार्ड चौथ्या दिवशी पोचलं. अंजनी आली तेव्हा राखसुद्धा वाहून गेली होती. ती दारातच उभी राहिली, पाणीदेखील घेतलं नाही. "आई मेल्यावर लेकीला कार्ड टाकतात?" एवढंच म्हणाली आणि माघारी फिरली. त्यानंतर ना ती आली, ना त्याला बोलावणं. सात भाऊबिजा कोरड्या गेल्या. सदू महिनाभर कामावर गेला नाही, म्हणून कारखान्याने त्याचं नाव काढलं. मग हिंडत हिंडत तो सेठकडे आला.

कुंदा म्हणाली, मी लिहून देते, काय लिहू ते सांगा. सदू दोन दिवस विचार करत राहिला. सांगण्यासारखं त्याला काही सापडेना. माफ कर म्हणावं, तर कशाची माफी ते त्याला नीट कळलेलं नव्हतं. माणूस का धाडला नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. शेवटी तो म्हणाला की लिहायला नको, तिला तरी कुठे वाचता येतं. मी कार्डच करतो.

आठ दिवस त्याने जेवणाची सुट्टी त्यात घातली. भाकरी एका हातात, ब्लेड दुसऱ्या हातात. कार्डावर एक घर होतं. पुढे तुळस, घरापर्यंत जाणारी पायवाट. पट्टी ओढली की पायवाटेवरून एक माणूस चालत घराकडे जायचा, मग घराचं दार उघडायचं आणि दारात ताट घेतलेली बाई दिसायची. एका पट्टीवर दोन हालचाली, असं कार्ड तिथे आजवर कोणी केलं नव्हतं.

पहिल्या खेपेला दार आधी उघडलं आणि माणूस नंतर पोचला. कुंदाला ते छानच वाटलं. पण सदूने मान हलवली. तो यायच्या आधीच दार उघडतं, असं कसं होईल? त्याने सगळं उसवलं आणि दाराची चीर बोटभर लांब केली. आता पट्टी निम्मी वाट दारापुरती रिकामीच सरकायची. माणूस तुळशीपाशी येऊन थांबायचा, दार बंदच असायचं. आणि मग आणखी ओढलं तरच ते उघडायचं. त्याने ते पंधरा-वीस वेळा ओढून पाहिलं. बरं वाटतंय का, असं कुंदाने विचारलं. बरोबर चालतंय, असं त्याने सांगितलं.

माणसाला तोंड काढायचं राहिलंय, हे तिने दाखवून दिलं. सदूने ते तसंच ठेवलं. मग चळतीतल्या कार्डांसारखाच त्याचाही कोपरा त्याने छाटला, पट्टीचं टोक उघडं केलं आणि कार्ड पाकिटात घातलं. पत्ता कुंदाने लिहिला. कारखान्यातून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर मारतात तसा सेठचा रबरी शिक्का मागे मारला, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाकीट टपालात पडलं.

भाऊबिजेला ये, असं उत्तर आलं तर जायचं, नाही आलं तर विषय मिटला, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. उत्तर कसं येणार, कोणाच्या हाती, याचा विचार त्याने केला नव्हता. टपालवाला बराकीत आला की मात्र त्याची सुरी थांबायची. टपालवाला सेठची पाकिटं देऊन निघून जायचा, सुरी पुन्हा चालू व्हायची. कुंदा रोज विचारायची. मग तिनेही विचारणं सोडलं. कार्ड पोचलं असेल का, अंजनीने पाहिलं असेल का, पाहून ठेवून दिलं असेल का, हे प्रश्न सदूच्या डोक्यात येत आणि न थांबता निघून जात, गाडीने लहान स्टेशन सोडून द्यावं तसे.

धनत्रयोदशीला दोन दिवस उरले असताना सकाळी अकराच्या सुमाराला दारात एक बाई उभी राहिली. नऊवारी लुगडं, हातात रिकामी गोणी. सेठ दारातच पाकिटं मोजत बसला होता. त्याने वर पाहिलं.

"माई, किसको मंगता?"

"सदूची बहीन मी. त्याचं सामान न्यायला आले," बाई म्हणाली.

सेठने चष्मा कपाळावर चढवला. "सामान? नौकरी छोड़ रहा है क्या? ऐन सीजन में?" आणि आत तोंड करून ओरडला, "ए सदू, तेरी बहन आयी है. तेरा सामान ले के जायेगी बोलती है."

सदू उठला. हात खळीने भरलेले होते, ते त्याने पँटला पुसले. सात वर्षांत अंजनीच्या भांगाजवळचे केस पांढरे झाले होते. ती दारातच होती. तिची नजर आधी भिंतीकडेच्या चळतींवर गेली, मग गोणपाटावरच्या तिकोनी तुकड्यांवर आणि मग सदूवर. त्याच्या तोंडावर नव्हे, पायांवर. त्याच्या दोन्ही पायांची बोटं पुढेच आहेत ना, हे तिने नीट पाहून घेतलं.

सदूला यातलं काही उमगलं नाही. त्याला एवढंच कळलं की कार्ड पोचलं आणि बहीण न्यायला आली. सामानासकट न्यायला आली. आपल्याला आनंद झाला असणार, असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "बाय, सामान कशाला? चार दिसांची बात. पिशवी पुरं."

अंजनीची नजर अजून त्याच्या पायांवरच होती. तोच पुढे बोलला.

"चालला का मानूस नीट? आधी तो पोचतो, मग दार उघडतं. मुद्दाम तसं केलंय. जास्ती ओढावं लागतं."

"मी न्हाय बघितलं," अंजनी म्हणाली.

ती उंबऱ्यावर बसली आणि हातातल्या गोणीची घडी करत, दुसऱ्याच कोणाची हकिगत सांगावी तशी सांगू लागली. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी विष्णुपंत टपालवाला सायकलवरून बांधापर्यंत आला. शिक्का वाचून म्हणाला, उल्हासनगरहून आहे, कोणी परसराम सेठ. पाकीट देऊन तो पुढे गेला. तिने ते उघडून कार्ड दोन बोटं वर ओढलं. वर आला तो कापलेला कोपरा.

त्या बाजूच्या गावांत मरणाच्या पत्राचा कोपरा फाडून धाडतात. असं पत्र घरात नेत नाहीत. बाहेरच फाडायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. कोपरा दिसल्यावर बाकीचं कार्ड बाहेर काढून कोण बघत बसतं? अंजनीने पाकिटासकट त्याचे चार तुकडे केले आणि ओढ्यात सोडले. सदू उल्हासनगरला कोणा सेठकडे असतो, हे तिच्या कानावर होतं. पत्र तिथूनच आलेलं, पण नाव सेठचं. म्हणजे गेला तो सदूच. स्वतःचं वर्तमान कोणी स्वतः धाडत नाही.

"विहिरीवर गेले. लुगड्यासकट आंघोळ केली," ती म्हणाली. सासू बनूबाईने तीन दिवसांचं सुतक सांगितलं, ते तिने पाळलं. नवरा दौलतराव लगेच उल्हासनगरला जाऊ म्हणाला होता, तिनेच थांबवलं. कार्ड येईपर्यंत राख वाहून गेलेली असते, हे तिला माहीत होतं. पण सदूला पोर ना बाळ. पुढे कोणीतरी त्याच्या नावाने पान ठेवायचं तर निदान तिथी हवी. म्हणून आज दौलतरावांबरोबर भाजीच्या टेम्पोत बसून ती आली होती. तिथी विचारायला आणि सामान न्यायला.

खोलीत कोणाचा हात चालत नव्हता. कुंदाने ब्रश पाण्याच्या डब्यात ठेवला तो तिथेच राहिला. तिच्या सासऱ्यांच्या वेळी तिने स्वतः अशी पत्रं लिहून प्रत्येकाचा कोपरा फाडला होता. आणि चार वर्षं या छाटलेल्या कोपऱ्यांत बसून तिच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. सेठला काही कळेना. तिने त्याला हळू आवाजात हिंदीतून समजावलं. सेठने चळतींकडे पाहिलं, कानाच्या पाळ्यांना हात लावला.

"अरे राम. इतना सारा माल?"

कोणी हसलं नाही. सदू बहिणीशेजारी उंबऱ्यावर बसला. आपण मेलो होतो, दहा-बारा दिवस, हे त्याने मनात घोळवून पाहिलं. त्यात नवं असं काही त्याला लागेना. त्या दिवसांत तो कोपरे कापत होता, चहा पीत होता. मग त्याने विचारलं, "रडलीस?"

अंजनीने गोणीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"न्हाय," ती म्हणाली. "आंघोळ करून आले, भात लावला. सासूबाई बोलल्या, रड बाय, मोकळी हो. पदर तोंडाला लावून बसले. आलंच न्हाय. शेजारनी येऊन रडून गेल्या, मी त्यांना पानी देत होते. मला माझीच भीती वाटली, सदू. सख्खा भाऊ गेला आनि मी चुलीतलं लाकूड मागं-पुढं करतेय."

सदू तिच्याकडे पाहत राहिला. तिने सांगितलेलं सारं त्याच्या ओळखीचं होतं. लाकूड, भात, शेजारणी. फक्त हे असं सांगता येतं, हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

"आईच्या वेळंला माझं तसंच झालं," तो म्हणाला. "ती गेली आनि मी कंदिलाची काच पुसत बसलो. मानूस धाडायचा, हे सुचलंच न्हाय. शेजारी बोलला कार्ड टाकू का, मी बोललो टाक. तू दारातून माघारी गेलीस, तवा पन काय वाटलं न्हाय. अजून वाटलेलं न्हाय."

"मग तवाच का न्हाय बोललास?"

"तवा ठाऊक नव्हतं."

बाहेर पापडवाली हाक देत गेली. आत कोणाच्या तरी हातातलं कार्ड पट्टी ओढल्यासारखं उगाच खुडखुडलं. मग अंजनी गुडघ्यावर हात देऊन उठली.

"चल," ती म्हणाली. "टेम्पो बाराला निघतो."

सेठने सीजनचं तुणतुणं वाजवलं, पण फार वेळ नाही. पाडव्यानंतर लौट आना, असं दोनदा बजावलं आणि मिठाईचा पुडा अंजनीच्या हातात ठेवला. सदू माळ्यावर कपडे बदलायला गेला. तेवढ्यात कुंदाने एक कार्ड पुसून अंजनीपुढे धरलं, कंदिलाचं, आणि म्हणाली, ताई, बघा तरी तुमच्या भावाचं काम. अंजनीने पट्टी ओढली. कंदील वर गेला. तिने पट्टी आत लोटली, कंदील खाली आला. तिने ते तीन-चार वेळा केलं, चेहऱ्यावर काही न येऊ देता, दळताना जात्याचा खुंटा फिरवावा तसं.

"याचा कोपरा कापू नका आता," ती कुंदाला म्हणाली आणि कार्ड परत दिलं.

दोघं रस्त्याला लागली. कॅम्पात दिवाळीची गर्दी होती, तोरणं टांगलेली होती, फटाक्यांची दुकानं फूटपाथवर आली होती. अंजनी पुढे, सदू दोन पावलं मागे. दौलतराव नाक्यावर टेम्पोपाशी उभे असतील, असं तिने मागे न बघता सांगितलं. म्हणाली, "मी होते पुढं. तू हळूच मागनं ये. त्यांना एकदम दिसलास तर टेम्पो सोडून पळतील."

सदूला हसायला आलं. या खेपेला त्याच्याआधी हसायला कोणी नव्हतं, म्हणून ते जरा चुकल्यासारखं झालं.

थोडं पुढे जाऊन ती थांबली आणि वळून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शर्ट उलटा घातलायस."

त्याने खाली पाहिलं. शिवण बाहेर आली होती, खिसा आत गेला होता.

"एवढा घोडा झालास," ती म्हणाली. "असा येनारेस माझ्या सासरी? काढ. दे इकडं पिशवी."

त्याने पिशवी तिच्याकडे दिली आणि भर रस्त्यात, एका कापडाच्या दुकानासमोर, शर्ट काढून सुलटा केला. दुकानातला पोऱ्या बघत होता. सदूने बटणं लावली, एक चुकलं, ते पुन्हा लावलं. पिशवीसाठी हात पुढे केला, तर अंजनी ती घेऊन चालू लागली होती. पिशवीत एक धोतर आणि दोन बनियनी, वजन असं काही नव्हतंच. नाक्यापर्यंत तिने ती काखोटीला मारून नेली, आणि त्याने दोनदा मागितली तरी दिली नाही.